हिराकस, मोरचूद, टाकणखार

बंगळूर म्हटलं की मराठी माणसाला आधी शहाजीराजे आठवतात आणि मग संगणकाच्या कंपन्या. आज दोन्ही बाजूला ठेवूया. आज मला तुम्हाला हेब्बाळला न्यायचंय.

विमानतळाकडे जाताना हेब्बाळच्या उड्डाणपुलावर गाडी अडकली नाही असा माणूस या शहरात सापडणं कठीण. मी इथे बावीस वर्षं राहते, त्यातले काही महिने तरी त्या पुलावरच गेले असतील. पुलाच्या आसपास झाडीत लपलेली जुनी शेतकी जमीन आहे, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझंही नव्हतं. ते गेलं आमच्या आप्पांमुळे, म्हणजे माझ्या चुलत्यांमुळे, आणि त्यांच्या माळशिरस तालुक्यातल्या दीड एकर भुईमुगामुळे. तिकडे मी येणारच आहे. आधी हेब्बाळ.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ आपल्याकडे दख्खनचा दुष्काळ म्हणून शिकवतात. तो म्हैसूर संस्थानातही तितकाच भयंकर होता. १८७१ च्या शिरगणतीत संस्थानाची लोकसंख्या ५० लाखांच्या वर होती. १८८१ मध्ये ती ४२ लाखांच्या आसपास आली. दहा वर्षांत वाढायची ती आठेक लाखांनी घटली. ज्या राज्यकर्त्यांनी हे पाहिलं, त्यांच्या मनात शेतीबद्दल एक कायमची धास्ती बसली असणार. १८९९ मध्ये राज्याचा कारभार महाराणी केंपनंजम्मण्णी पाहत होत्या, कारण महाराज कृष्णराज अजून लहान होते. त्यांनी हेब्बाळला ३० एकर जमीन आणि पैसा शेतीसंशोधनासाठी दिला. प्रयोगशाळेची जबाबदारी आली डॉ. लेहमान या रसायनशास्त्रज्ञाकडे. मातीत काय आहे आणि ती पिकाला काय देते, हे प्रयोगशाळेत तपासायचं काम त्यांनी सुरू केलं. त्या ३० एकरांतूनच पुढे शेतकी शाळा, मग कॉलेज आणि १९६४ मध्ये कृषी विद्यापीठ उभं राहिलं. जीकेव्हीके हे नाव बंगळूरकर रिक्षावाल्याला सांगतात ना, ते त्याच विद्यापीठाचं दुसरं, मोठं आवार.

आता गंमत बघा. लेहमान माती तपासत होते तेव्हा मातीत जे शोधायला हवं होतं, त्यातलं बरंचसं शोधायचं असतं हेच जगात कुणाला ठाऊक नव्हतं. नत्र, स्फुरद, पालाश यांची नावं झाली होती. लोह पिकाला लागतं हेही कळलं होतं. फ्रान्समध्ये १८४० च्या दशकात युसेब ग्रिस नावाच्या माणसाने पिवळ्या पडलेल्या वेलींना लोहाचं क्षार दिलं आणि त्या हिरव्या झाल्या. पण जस्त? बोरॉन? तांबं? हे पिकाचं अन्न आहे असं म्हणणाऱ्याला तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं असतं. तांबं तर विषच.

आणि हे तांब्याचं विष घेऊनच हेब्बाळचा पुढचा माणूस आला. लेस्ली कोलमन, कॅनडाचे. १९०८ मध्ये संस्थानाचे बुरशी आणि कीटकशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले, पुढे शेतीखात्याचे प्रमुख झाले आणि १९३४ पर्यंत इथेच राहिले. त्यांच्यासमोर पहिलं मोठं संकट होतं मलनाडातल्या सुपारीच्या बागांचं. पावसाळ्यात कोवळी सुपारी सडून खाली गळायची. कानडीत कोळे म्हणजे सडणं, म्हणून कोळेरोग. आपल्या कोकणात आणि गोव्यातही बागायतदार हाच शब्द वापरतात, आणि तो कुठून आला याचा कुणी विचार करत नाही. शेतकरी काय करायचे? घडांना गवताच्या टोप्या घालायचे. चाळीस-पन्नास फूट उंच पोफळीवर चढून, प्रत्येक घडाला. पावसापासून घड झाकायचा, बस.

कोलमननी रोगाचं कारण शोधलं, १९१० मध्ये त्यावर पत्रिका काढली आणि उपाय म्हणून बोर्डो मिश्रण आणलं. मोरचूद आणि चुना. या मिश्रणाची जन्मकथा तुम्ही ऐकली असेल. फ्रान्सच्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळसर पाणी शिंपडायचे, ते येणाऱ्या-जाणाऱ्याने द्राक्षं चोरू नयेत म्हणून. मियार्दे या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की त्याच वेलींवर केवडा रोग नाही. १८८५ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. तासगाव-नाशिकच्या द्राक्षवाल्यांच्या घरातलं ते आजही रोजचं नाव आहे.

कोलमननी मोरचूद वापरलं ते बुरशी मारायला, आणि ते बरोबरच होतं. पण त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला, फ्लोरिडात, संत्र्याच्या बागायतदारांना एक विचित्र अनुभव येत होता. तिथे झाडांचे शेंडे वाळायचे, सालीतून डिंक यायचा. बोर्डो मारलं की झाड सुधारायचं. सगळे म्हणाले, बुरशी असणार. पण बुरशी काही सापडेना. १९३१ मध्ये तांबं हे वनस्पतीचं आवश्यक अन्न आहे असं प्रयोगाने सिद्ध झालं, तेव्हा उलगडा झाला. त्या झाडांना रोग नव्हताच. ती भुकेली होती, आणि लोक औषध समजून त्यांना जेवू घालत होते.

मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत जास्त आवडते. कारण रोग, भूक आणि तहान या तिघांचे चेहरे पानावर इतके सारखे दिसतात की मोठमोठी माणसं फसली. आप्पा आणि मी फसलो तर त्यात नवल नाही.

बाकीच्यांची नावं भराभर सांगते. मँगनीज १९२२. बोरॉन १९२३, आणि ते शोधलं इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या कॅथरिन वॉरिंग्टन या बाईंनी, वालासारख्या एका शेंगेच्या रोपांवर. जस्त १९२६. मॉलिब्डेनम १९३९. क्लोरीन १९५४. निकेल तर १९८७, म्हणजे माझ्या शाळेच्या दिवसांत. आपल्याला वाटतं शेतीचं शास्त्र फार जुनं आहे. त्यातलं हे पान अजून नीट वाळलेलंही नाही.

यांना सूक्ष्म अन्नद्रव्यं म्हणतात ती प्रमाणामुळे. हेक्टरभर धान्यपीक शंभर किलोच्या घरात नत्र उचलतं, आणि जस्त काही शे ग्रॅम. स्वयंपाकात जसं हिंग. पण हिंग नसेल तर आमटी चालते, जस्त नसेल तर पीक चालत नाही, एवढा फरक. यांच्यापैकी बहुतेकांना आपल्याकडे घरगुती नावं आहेत. लोहाचं हिराकस, तांब्याचं मोरचूद, बोरॉनचा टाकणखार. काष्ठौषधीच्या दुकानात, रंगाऱ्याकडे, सोनाराकडे मिळणारी ही द्रव्यं. सोनार डाग देताना वापरतो तोच टाकणखार सूर्यफुलाचं फूल उमलताना फवारला तर दाणे चांगले भरतात. कारण परागकणातून जी नळी वाढायची असते तिला बोरॉन लागतो.

आता मराठी माणसाची गोष्ट, पण ती घडली तराईत. उत्तर प्रदेशच्या तराई भागात, आज जो उत्तराखंडात आहे, १९५० च्या दशकापासून भाताला एक नवा आजार दिसू लागला. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांत पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके, रोप खुजं, मग सगळं खाचर काताच्या रंगाचं. कात खैराच्या झाडाचा, म्हणून लोक म्हणू लागले खैरा. नवीन फोडलेली जमीन, भरपूर पाणी, आणि तरीही पीक बसायचं. तिथे पंतनगरला १९६० मध्ये देशातलं पहिलं कृषी विद्यापीठ सुरू झालं होतं आणि तिथे यशवंत लक्ष्मण नेने नावाचे तरुण वनस्पतिरोगतज्ज्ञ काम करत होते.

रोगतज्ज्ञाच्या पुढ्यात आजारी पीक आलं की तो काय शोधणार? जंतू. बुरशी, जीवाणू, विषाणू, मुळातले सूत्रकृमी. त्याचं शिक्षणच ते असतं. नेन्यांचं मोठेपण मला इथे दिसतं, की त्यांनी जंतूचा हट्ट धरला नाही. १९६६ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की खैरा हा जस्ताच्या कमतरतेने होतो. उपाय काय, तर हेक्टरी ५ किलो झिंक सल्फेट आणि अडीच किलो चुना, हजार लिटर पाण्यात, फवारणी. चुना कशाला? झिंक सल्फेटच्या आंबटपणाने पानं भाजू नयेत म्हणून. इतकंच. ज्या आजाराने खाचरंच्या खाचरं बसत होती, त्याचा इलाज हेक्टरामागे एका पिशवीत मावला.

यातली मेख अशी, की त्या खाचरांत पाणी साचलेलं होतं. आपल्याला वाटतं ताण म्हणजे अवर्षण. पण बुडालेल्या जमिनीत हवा नसते, रसायन बदलतं, बायकार्बोनेट वाढतं, आणि मातीत असलेलं जस्तही मुळांच्या हाती लागत नाही. कोरड्या जमिनीत उलट्या वाटेने तेच होतं. जस्त मातीतल्या पाण्याच्या पातळ थरातून इंचाच्या काही भागाइतकंच सरकत मुळाशी पोचतं. माती सुकली की हा थर तुटतो, वाट वाकडी होते. शिवाय जस्त असतं वरच्या थरात, आणि सुकतो आधी वरचाच थर. म्हणजे पिकाला तहान लागते तेव्हाच त्याची भूकही वाढते, आणि आपल्या डोळ्यांना फक्त तहान दिसते.

बरं, जस्त पोचलं तर ते ताणात करतं काय? याचं उत्तर यायला आणखी काही वर्षं लागली, आणि ते शेतीतून आलंच नाही. १९३८ मध्ये केंब्रिजला मान आणि केलिन या दोघांनी गाईबैलांच्या रक्तातून एक निळसर, तांबं असलेलं प्रथिन वेगळं केलं. याचा उपयोग काय, ते कुणाला कळेना. तीस वर्षं ते प्रथिन शास्त्राच्या अडगळीत पडून राहिलं. १९६९ मध्ये अमेरिकेत मॅककॉर्ड नावाच्या विद्यार्थ्याने आणि फ्रिडोविच या त्याच्या गुरूने दाखवलं की ते एक विकर आहे, आणि त्याचं काम आहे शरीरात तयार होणाऱ्या घातक ऑक्सिजनला निकामी करण्याचं. त्याला नाव पडलं सुपरऑक्साइड डिसम्युटेज. त्याच्या पोटात तांबं आणि जस्त असतं. वनस्पतींतही ते आहे. त्याची भावंडं लोहाची आणि मँगनीजची आहेत.

आता दुपारी दोन वाजताचं पान डोळ्यांसमोर आणा. पाऊस वीस दिवस नाही. पाणी वाचवायला पानाने आपली रंध्रं मिटून घेतली आहेत. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड आत येत नाही. पण ऊन थोडंच थांबणार? हरितद्रव्य प्रकाश पकडतच राहतं, आणि जी ऊर्जा साखर करण्यात जायची ती ऑक्सिजनवर आदळते. पानाच्या आत ठिणग्या उडतात म्हणा ना. त्या विझवणारी जी माणसं आहेत त्यांच्या हातातल्या बादल्या जस्ताच्या, तांब्याच्या, मँगनीजच्या. पुढच्या टप्प्यात जे हायड्रोजन पेरॉक्साइड उरतं ते मोडणाऱ्यांच्या हातातली बादली लोहाची. बादल्या कमी पडल्या की पान करपतं. आपण म्हणतो, उन्हाने करपलं.

हे निव्वळ कल्पनेचं चित्र नाही. १९८९ मध्ये मार्शनर आणि चकमक या दोघांनी जस्ताची उपासमार केलेल्या घेवड्याच्या पानाचा काही भाग सावलीत झाकला. उघडा भाग पिवळा पडून करपला, झाकलेला हिरवा राहिला. एकच पान, एकच भूक. फरक उन्हाचा. यातले इस्माईल चकमक तुर्कस्तानचे. पुढे १९९० च्या दशकात त्यांनी मध्य अनातोलियाच्या कोरडवाहू गव्हावर जस्ताचं मोठं काम केलं आणि त्या देशात जस्तयुक्त खत रुळलं.

मॉलिब्डेनमची गोष्ट तर आणखी मजेची. पानाला रंध्रं मिटायला सांगणारं एक संप्रेरक असतं, ॲब्सिसिक आम्ल. ते तयार होण्याच्या शेवटच्या पायरीवरचं विकर मॉलिब्डेनमवर चालतं. टोमॅटोचा फ्लाका नावाचा एक सदोष वाण प्रयोगशाळांत सांभाळतात. त्याच्यात हा मॉलिब्डेनमचा भाग नीट जुळत नाही. ते झाड ओल्या मातीतही माना टाकतं. त्याला दार लावताच येत नाही.

आता आप्पा.

काही वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. मी शेतीच्या इतिहासावर बोलते म्हणजे मला शेती कळते, असा घरातल्यांचा गोड गैरसमज आहे. भुईमूग पिवळा पडतोय, म्हणाले. मी विचारलं, पाणी? म्हणाले, ऊन फार आहे, ताण बसला असेल. तालुक्याच्या एका दुकानदारानेही तेच सांगितलं होतं आणि वर एक चकचकीत बाटली दिली होती. मीही फोनवरून शहाणपणाने सांगितलं, पाण्याची पाळी लवकर द्या, थोडा युरिया द्या. त्यांनी दिलं. आठ दिवसांनी शेंड्याची पानं पिवळ्याची पांढरट झाली. त्यांनी पुन्हा पाणी दिलं. बियाणं महागाचं होतं, सोसायटीचं कर्ज होतं, आणि विहिरीत पाणी होतं याचाच त्यांना आधार वाटत होता.

आमच्या सोसायटीत सकाळी फिरायला येणारे एक कानडी आजोबा आहेत, जन्मभर मृदाशास्त्रात घालवलेले. त्यांना मी फोटो दाखवला. त्यांनी तीन प्रश्न विचारले. पिवळेपणा वरच्या नव्या पानांवर की खालच्या जुन्या? शिरा हिरव्या आहेत का? आणि मातीच्या ढेकळावर सौम्य आम्ल टाकलं तर फसफसतं का? मी आप्पांना विचारलं. नवी पानं. शिरा हिरव्या. आम्ल नव्हतं तर आप्पांनी घरातलं लिंबू पिळलं, आणि ढेकूळ सोड्याच्या बाटलीसारखं फसफसलं.

आजोबा म्हणाले, लोह. आणि पाणी ताबडतोब कमी करा.

तुमच्यापैकी सोलापूर, सांगली, नगरकडचे जे आहेत त्यांनी केव्हाच ओळखलं असेल. उसात आणि भुईमुगात याला आपल्याकडे केवडा पडला असंच म्हणतात. द्राक्षाचा बुरशीचा केवडा वेगळा आणि हा वेगळा, पण नाव एकच. बघा, भाषाही रोग आणि भूक यांत घोटाळा करते. चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असतं, पण गंजासारखं, मुळांना न विरघळणारं. त्यात पाणी जास्त झालं की बायकार्बोनेट वाढतं आणि उरलंसुरलं लोहही अडतं. म्हणजे ताण समजून दिलेली पाण्याची प्रत्येक पाळी पिकाची उपासमार वाढवत होती. नत्राची कमतरता असती तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडली असती, कारण नत्र झाडात फिरतं, जुन्या पानातून काढून नव्याला देता येतं. लोहाचं तसं होत नाही. शेंडा उपाशी राहतो. ही एक खूण मला ठाऊक असती तर दहा दिवस वाचले असते. मी लोहाच्या शोधाची साल तोंडपाठ सांगू शकत होते.

अर्धा टक्का हिराकसची फवारणी दोनदा झाली. नवी पानं हिरवी निघाली. पीक निम्म्यावर आलं. आप्पा मला काही बोलले नाहीत, आणि तेच मला लागलं. त्यानंतर मी हेब्बाळच्या त्या झाडीकडे नीट पाहू लागले.

पाहू लागले तेव्हा कळलं की याच कर्नाटकात, माझ्या नाकासमोर, मातीच्या भुकेवरचा एक फार मोठा प्रयोग होऊन गेला होता. भूचेतना. २००९ मध्ये राज्य सरकारने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेला सोबत घेऊन तो सुरू केला. तिथल्या चमूचे प्रमुख होते डॉ. सुहास वाणी. आधी सहा जिल्हे, मग टप्प्याटप्प्याने राज्यातले तीसही. राज्यभरातून ९० हजारांहून जास्त शेतांतली माती तपासली. निष्कर्ष असा, की निम्म्याहून अधिक शेतांत गंधक कमी, जस्त कमी, बोरॉन कमी. कोलार, तुमकूर, चित्रदुर्ग हे सगळे पावसावर जगणारे जिल्हे. तिथला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आला की आमचं दुखणं पाऊस आहे. पाऊस होताच. पण पडलेल्या पावसाचंही धान्य होत नव्हतं, कारण मातीत हिंगाची डबी रिकामी होती.

ती रिकामी कशी झाली? इथे थोडं थांबते. जुन्या शेतीत शेणखत जायचं, त्यातून ही द्रव्यं चिमूट-चिमूट परत यायची. उत्पन्न कमी होतं, उचलही कमी होती. हरितक्रांतीनंतर वाण बदलले, उचल वाढली, गुरं कमी झाली आणि खतं शुद्ध होत गेली. सुपर फॉस्फेटमध्ये गंधक असायचं, डीएपीत ते नाही. खत जितकं शुद्ध, तितकं ते जास्त उपाशी ठेवणारं. आणि बंगळूरच्या आसपासची लाल माती मुळातच पावसाने धुतलेली, जस्त-बोरॉनची गरीब. आपली काळी माती जस्त आणि लोह धरून ठेवते आणि देत नाही. एकीकडे घर रिकामं, दुसरीकडे कपाटाला कुलूप. पीक दोन्हीकडे उपाशी.

भूचेतनात शिफारस काय होती ती सांगते, कारण आकडे बोलके आहेत. हेक्टरी २०० किलो जिप्सम, ५० किलो झिंक सल्फेट आणि बोरॉन फक्त अर्धा किलो. तेही दरवर्षी नाही, दोन-तीन वर्षांतून एकदा. ही खतं निम्म्या किमतीत रयत संपर्क केंद्रात ठेवली. रयत हा शब्द दोन्ही भाषांनी सारखाच जपलाय, कानडीत तो रैत. गावोगावी शेतकऱ्यांतूनच मार्गदर्शक नेमले, आणि मातीचे निकाल गावाच्या भिंतींवर रंगवले. इक्रिसॅटच्या अहवालांत उत्पन्नातली वाढ पिकागणिक २० ते ६६ टक्के दिली आहे, आणि मिलिमीटरभर पावसामागे निघणारं धान्यही वाढल्याचं दाखवलं आहे.

हे आकडे ऐकून लगेच टाळ्या वाजवू नका. त्या योजनेत सुधारित बियाणंही होतं, जिवाणू खतं होती, वेळेवर सल्ला होता. सगळं श्रेय जस्ताला देता येत नाही. पण पावसामागे धान्य वाढतं हा मुद्दा मला पटतो, कारण त्याच्यामागचं कारण आपण आत्ताच पाहिलं. बोरॉन-जस्त मिळालेलं मूळ खोल जातं, पान दुपार सोसतं, तोच पाऊस जास्त दिवस पुरतो. मुळात पाऊसच आला नाही तर मात्र झिंक सल्फेटच्या गोणीने काहीही होत नाही. दुष्काळावर उतारा म्हणून सूक्ष्म अन्नद्रव्यं विकणारा माणूस भेटला तर त्याला हे ऐकवा.

असे लोक भेटतात, फार भेटतात. एका बाटलीत सगळं घालून, वर सिंहाचं किंवा शेतकऱ्याच्या हसऱ्या मुलाचं चित्र लावून. तांबंही असतं त्यात. कोडगू-चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या बोर्डो मारून मातीत तांबं साठलंय, तिथेही ती बाटली खपते. बोरॉनचं तर गरज आणि विष यांतलं अंतर बोटभर आहे, एकदा कमी पडलं म्हणून पुढच्या वेळी दुप्पट टाकलं की पानांच्या कडा जळतात. सरकारी मिश्रणं सगळ्यांना सरसकट एकच देतात, अशीही तक्रार ऐकते. महाराष्ट्रातले ग्रेड-१ जमिनीत आणि ग्रेड-२ फवारणीला, हे प्रमाण ठरवून दिलेलं आहे. माती न तपासता ते वापरणं म्हणजे सगळ्या घराला एकच चष्मा. बंगळूरजवळ हेसरघट्ट्याला १९६७ पासून जी फलोत्पादन संशोधन संस्था आहे, तिने निदान पिकागणिक वेगळी मिश्रणं तरी केली. केळीसाठी वेगळं, आंब्यासाठी वेगळं, भाज्यांसाठी वेगळं. त्यांच्या वाणांना अर्का हे नाव असतं, ते जवळून वाहणाऱ्या अर्कावती नदीवरून. नदीची आजची अवस्था हा वेगळ्या भागाचा विषय.

नेन्यांचं पुढे काय झालं, असं विचाराल. ते नंतर इक्रिसॅटला गेले, मोठ्या पदांवर पोचले, आणि १९९४ मध्ये त्यांनी सिकंदराबादला आशियाई शेतीच्या इतिहासासाठी एक प्रतिष्ठान काढलं. ऑक्सफर्डच्या ग्रंथालयातून सुरपालाच्या वृक्षायुर्वेदाची पोथी मिळवली आणि नलिनी साधले यांच्याकडून तिचा अनुवाद करवून १९९६ मध्ये छापला. त्यात कुणपजल म्हणून एक आंबवलेलं खत आहे, हाडामांसाचं, माशांचं, शेणाचं. खैऱ्याचं मूळ जस्तात शोधणारा माणूस म्हातारपणी हजार वर्षं जुन्या खताच्या कृतीकडे वळला, याचं काहींना आश्चर्य वाटतं. मला नाही वाटत. ज्याने एकदा चिमूटभर वस्तूचं वजन ओळखलं, त्याला त्या कुजलेल्या घागरीत काय काय विरघळलं असेल याची उत्सुकता वाटणारच.

गेल्या वैशाखात आप्पांनी मला व्हॉट्सॲपवर माती तपासणीचा कागद पाठवला. लोह ४.५ च्या खाली, जस्त ०.६ च्या जरा वर, बोरॉन पुरेसं. त्यांनी पेरणीच्या आधीच हिराकस शेणखतात कालवून मुरत ठेवलं होतं. नुसतं मातीत टाकलं तर चुनखडीत ते पुन्हा गंजून बसतं, हे आता ते मला समजावतात. पाण्याची पाळीही मोजून देतात. फोन ठेवता ठेवता म्हणाले, दुकानात टाकणखारही आलाय, घेऊ का थोडा?

मी कागद पुन्हा पाहिला आणि नको म्हटलं.